ओळीच्या शेवटचा चौकोन

पहिले बारा कोट भरतकामाच्या मशीनवरून उतरले आणि बाराच्या बारा खिशांवर, विभागाच्या नावापुढे, शर्टाच्या बटणाएवढा एक निळा चौकोन निघाला. शल्यविभाग, पुढे चौकोन. रक्तपेढी, पुढे चौकोन. जणू हॉस्पिटलात प्रत्येकाला एकेक खिडकी वाटली होती.

कारखान्याच्या मालकिणीने, म्हणजे कात्रीने, एक कोट उचलून दारातल्या उजेडात धरला. गल्ली तिला कात्री म्हणायची, अर्थात पाठीमागे. समोर म्हणायची छाती अजून कोणाची झाली नव्हती.

"हे काय," ती म्हणाली.

"मला काय माहीत?" तिचा धाकटा मुलगा म्हणाला. "दादाने यादीत जे टाकलं, ते मशीनने भरलं. मशीन स्वतःच्या अकलेने काही भरत नाही."

"मी काहीही चौकोन टाकलेला नाही," थोरला पलीकडच्या खोलीतून ओरडला. "विभागाचं नाव लिहितो, एंटर मारतो, पुढचं नाव लिहितो. नव्वद नावं, नव्वद एंटर."

हॉस्पिटलचे पांढरे कोट होते ते. धुलाईत अदलाबदल होतात म्हणून त्यांच्यावर माणसाचं नाव नाही, विभागाचं भरायचं. यादीत एका ओळीला एक कोट, आणि ते कोट न्यायला मेट्रनबाई पाच वाजता स्वतः येणार होत्या. पण कात्रीला खरी काळजी होती ती कोटांची नव्हती. धाकट्याने मागच्या गल्लीत एक खोली बघून ठेवली होती आणि तिची किल्ली पंधरा दिवस त्याच्या खिशात वाजत होती. सकाळीच चहाचा कप आपटून त्याने सांगितलं होतं, "आज दादाच्या हातून एक जरी कोट बिघडला, तरी मी माझं मशीन उचलून जातो. मग बसा तुम्ही दोघं हाताने भरत."

एकतीस वर्षं एका छताखाली कापणं, शिवणं आणि भरणं चाललं होतं. नवरा गेला तेव्हा थोरला अकरा वर्षांचा होता आणि धाकट्याला नीट नाक पुसता येत नव्हतं. तेव्हाही तिने कारखान्याच्या मधोमध भिंत घातली नव्हती. आता एका बटणाएवढ्या चौकोनासाठी ती घालायची, हे तिला मुळीच मंजूर नव्हतं. मंजूर नसलेल्या गोष्टीवर ती रडत नसे, भडकत असे.

"सरक," ती थोरल्याला म्हणाली आणि कॉम्प्युटरसमोर बसली.

शाळेचं तोंड तिने दुसरीपर्यंतच पाहिलं होतं, पण ओळी मोजायला पदवी लागत नाही. सुनेने, म्हणजे थोरल्याच्या बायकोने, तिला एक मोठ्या अक्षरांचा प्रोग्राम लावून दिला होता. त्यात यादी उघडली की नावं दुकानाच्या पाटीएवढी दिसत. तिने बोटाने नव्वद ओळी मोजल्या. सगळ्या सरळ, एकाखाली एक, कुठे चौकोन नाही की गोल नाही.

"मला तर अगदी नीट दिसतंय," ती म्हणाली. "चौकोन तुमच्या डोळ्यांत आहेत. भांडायचंच ठरवलं की माणसाला भाताच्या शितालाही शिंगं दिसतात."

मग वरच्या कोपऱ्यातलं निळं बटण दाबून तिने फाइल मिटली. उघडलं ते झाकावं, हा तिचा कायदा डब्यांना होता, दारांना होता, दोऱ्याच्या रिळांच्या पेटीलाही होता. मागच्या वर्षी तिने एकदा निळं बटण न दाबता फाइल मिटली आणि सुनेची अर्ध्या तासाची मेहनत वाया गेली. तेव्हापासून हा कायदा फायलींनाही लागू झाला.

धाकट्याने आपल्या खोलीत यादी उघडली. त्याचा कॉम्प्युटर वेगळा. त्यावरची व्यवस्था फुकटची, त्याने गेल्याच आठवड्यात स्वतः घातलेली, आणि घरात दुसऱ्या कोणाला तिच्यातलं ओ की ठो कळत नसे. दोन खोल्यांच्या मध्ये एक तार टाकलेली होती आणि यादी त्या तारेवरून दोघांनाही दिसे. त्याने काहीतरी दोन शब्द टाइप केले आणि दाराशी येऊन म्हणाला, "तुझ्या प्रत्येक ओळीच्या शेपटीला एक न दिसणारी खूण चिकटते. ती काढून टाकली. आता पुन्हा हात लावू नकोस."

"माझ्या ओळींना शेपट्या नाहीत," थोरला म्हणाला.

"आहेत. नव्वद."

बिघडलेले बारा कोट बाजूला गेले. पुढचे चाळीस असे आले की बघत राहावं. कात्रीने त्यांच्याकडे बघून नुसतं हुं केलं. तिच्या तोंडून याहून मोठी शाबासकी आजवर कोणी ऐकलेली नव्हती.

अकराच्या सुमाराला मेट्रनबाईंचा फोन आला. शवागाराचे दोन कोट यादीत राहून गेले होते. थोरल्याने "लगेच घालतो" म्हणून फोन ठेवला, आपल्या नेहमीच्या साध्या प्रोग्राममध्ये यादी उघडली आणि खुर्चीतून उभाच राहिला. नव्वद नावांची एकच ओळ झाली होती. शल्यविभागरक्तपेढीबालरोगविभागक्षकिरण, अशी ती पडद्याच्या एका कडेने निघून दुसऱ्या कडेबाहेर कुठेतरी परगावी गेली होती.

"बघ," तो बायकोला दबक्या आवाजात म्हणाला. "मुद्दाम केलंय. मी सकाळी दोन तास बसून ओळी पाडल्या, त्याने त्या एकात एक गुंतवून ठेवल्या. नुसता आकस."

"विचारा तरी त्यांना," सून म्हणाली.

"मी विचारायचं? मी थोरला आहे."

या थोरलेपणाने आजवर किती घरं बुडवली असतील, ते कोणी मोजलं नाही. विचारायला चार पावलं लागली असती. त्याने त्याऐवजी अर्धा तास घालवला आणि प्रत्येक नावापुढे पुन्हा एंटर मारला. शेवटी यादीच्या टोकाला जाऊन शवागार, शवागार असं दोनदा लिहिलं.

साडेअकराला धाकट्याच्या मशीनची बॉबिन संपली. नवी घालून त्याने यादी पुन्हा उघडली आणि त्रेपन्नाव्या ओळीपासून सुरुवात केली. पहिल्या कोटावर सकाळीच भरून झालेला एक विभाग पुन्हा आला. दुसऱ्या कोटावर काहीच आलं नाही. सुई खाली आली, वर गेली, दोरा कापला गेला, काम झाल्याचा हिरवा दिवा लागला आणि कोट जसा चढला होता तसाच कोरा उतरला.

"दादा."

त्या एका शब्दात मागच्या गल्लीतल्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज होता.

"प्रत्येक दोन नावांमध्ये एक मोकळी ओळ का सोडलीस?"

"मी सोडली? तू सगळी नावं एका ओळीत कोंबलीस, ती मी सोडवली."

"माझ्याकडे ती वेगळीच होती. तुझ्या त्या डबड्याला दिसली नाहीत. त्याच्यावर तू आणखी एंटर मारलेस, आता माझ्याकडे एकाला दोन ओळी झाल्या. बावन्न कोट झाले म्हणून मी त्रेपन्नावर गेलो, तर त्रेपन्नावं नाव जाऊन बसलंय एकशे पाचाव्या ओळीवर." मग यादीच्या टोकाशी त्याचं बोट थांबलं. "आणि हे काय? प्रसूती विभागशवागार?"

त्याने मान वर करून थोरल्याकडे पाहिलं.

"बाळंतिणीला परस्पर तिकडेच पाठवायची का रे?"

थोरल्याचा चेहरा पडला. टोकाच्या नावापुढे एंटर मारायचा राहून गेला होता. सून तोंडाला पदर लावून वळली. कात्रीला हसू आलं नाही. तिने हातातला कोट टेबलावर असा आपटला की टाचण्यांची डबी उलटली.

"हा कोट घालून एखादी नर्स बाळंतिणीच्या खाटेजवळ गेली असती म्हणजे? मेट्रनबाईंनी कोटांबरोबर मलाही परत पाठवलं असतं. आता दोघं इकडे या. मला कळेल असं सांग, हे घोडं अडलंय कुठे."

धाकटा टेबलाच्या कडेला टेकला. कितीही चिडला तरी आईला समजावताना त्याचा आवाज खाली यायचा. एवढं एक त्याचं चांगलं होतं.

"पूर्वी टायपिंगचं यंत्र होतं ना, त्यात ओळ संपली की दोन कामं करायला लागायची. एक, दांडा सरकवून पुन्हा कडेला न्यायचा. दुसरं, कागद एक घर वर चढवायचा. दादाचा कॉम्प्युटर अजून त्या दोन्ही कामांच्या दोन खुणा लिहितो. माझा एकच लिहितो, कागद चढवायची. दादाची यादी माझ्याकडे आली की एक खूण जास्तीची पडते. मशीनला वाटतं हे कुठलं तरी अनोळखी अक्षर आहे, मग ते चौकोन भरतं. माझी यादी दादाकडे गेली की एक खूण कमी पडते, आणि त्याच्या त्या जुनाट प्रोग्रामला ओळ संपलेलीच कळत नाही."

कात्रीने क्षणभर विचार केला.

"म्हणजे हा दार लावून वर कडी घालतो. तू नुसतं दार लोटतोस."

"हो. तसंच."

"आणि या कडीवरून तू घर सोडायला निघालास."

धाकटा जमिनीकडे बघत राहिला. थोरला खिडकीकडे. दोघांचा बापही असाच बघायचा, एक चूक झाली की जमिनीकडे आणि दोन झाल्या की खिडकीकडे.

"यादी दुरुस्त कर," तिने धाकट्याला सांगितलं. "मोकळ्या ओळी काढ, त्या बाळंतिणीला सोडव, कड्या काढ. आणि सगळ्यांनी कान उघडे ठेवून ऐका. यानंतर त्या फायलीला कोणी हात लावायचा नाही. जो लावेल, त्याने उद्यापासून या कारखान्यात सुईत दोरा ओवायचा नाही. मग तो कोणी का असेना."

सगळ्यांनी माना हलवल्या. थोरला दोन जादा कोट आणायला दीडला हॉस्पिटलात गेला. धाकटा कापडाच्या ताग्यांवर आडवा झाला. सून भांडी घासायला बसली. दोनचा भोंगा झाला आणि कारखान्यात थोडा वेळ फक्त घड्याळाचाच आवाज होता.

मशीन सुरू झालं सव्वादोनला. धाकट्याने कानात गाण्याच्या वायरी खुपसल्या होत्या आणि कोणाशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तो रिंगेत कोट अडकवायचा, भरून झाला की खिसा खाली करून ढिगावर फेकायचा. हात इथे चालत होते, डोळे मागच्या गल्लीत होते.

तीनला सून इस्त्री तापवून ढिगाशी आली. पहिला कोट तिने उलटला, मग दुसरा. मग इस्त्री उभी करून ठेवली.

"आई, चौकोन आलेत."

"कशावर?"

"सगळ्यांवर. वीस आहेत."

धाकट्याने कानातल्या वायरी ओढून काढल्या. कोट बघितला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो सरळ कोपऱ्यात गेला, पाना घेतला आणि मशीनच्या पायाचा पहिला नट सैल करायला बसला.

"अरे, मी नव्हतो रे," नुकताच परत आलेला थोरला म्हणाला. दोन कोट अजून त्याच्या हातात होते.

"जायच्या आधी उघडलीस."

"आईची शपथ, नाही उघडली."

"माझ्या शपथा वाटू नकोस," कात्री कडाडली. "एवढ्या स्वस्त नाहीत त्या. हात लावू नका म्हणून मी सांगितलं होतं की नव्हतं? या घरात माझ्या शब्दाला बटणाची किंमत राहिली नाही का? कोणी लावला हात? नाव पाहिजे मला. आत्ता."

दुसरा नट सैल झाला. त्याचा एवढा आवाज होतो हे एरवी कधी लक्षात आलं नव्हतं.

सून मुकाट्याने थोरल्याच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. फायलीवर शेवटचा हात कधी लागला ते कॉम्प्युटर लिहून ठेवतो, हे तिला ठाऊक होतं. तिने बघितलं. पुन्हा बघितलं. मग तिने मान वळवून सासूकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

कात्रीला पुस्तक वाचता येत नसलं तरी सुनेचा चेहरा वाचता येत होता. अकरा वर्षं रोज वाचत होती.

"किती वाजता?" तिने विचारलं.

"राहू दे आई."

"मी वेळ विचारली."

"दोन वाजून दहा मिनिटं."

दोनच्या भोंग्यानंतर. थोरला हॉस्पिटलात, धाकटा ताग्यांवर घोरत, सून मोरीत. आणि दोनच्या भोंग्यानंतर रोज, गेली कित्येक वर्षं, कारखान्याची मालकीण यादीतल्या ओळी मोजायला बसायची. हात लावायला नव्हे. नुसत्या मोजायला. मोठ्या अक्षरांच्या प्रोग्राममध्ये उघडायची, ब्याण्णव मोजायच्या, आणि उघडलेलं झाकायचं म्हणून निळं बटण दाबायचं. त्या प्रोग्रामला सगळ्यांच्या ओळी नीट दिसत असत, कडीवाल्याच्याही आणि लोटलेल्या दाराच्याही. पण निळं बटण दाबलं की जाता जाता तो सगळ्या दारांना कड्या घालून जायचा.

तिने हे सगळं एका क्षणात जुळवलं. कापडावर खडूची रेघ एकदा उमटली की ती कुठे जाणार हे तिला दिसायचंच. तिचे कान गरम झाले.

तिसरा नट.

"माझ्याकडून झालं असेल," सून अचानक म्हणाली. "मी पुसायला आले होते इथे. फडकं लागलं असेल बटणांना."

"तू?" थोरला तिच्यावर धावला. "तुला एवढं सांगून—"

"वहिनी, तू मध्ये पडू नकोस," धाकटा पाना न सोडता म्हणाला. "त्याला वाचवायला बघतेस."

"गप्प बसा तिघंही," कात्री म्हणाली, आणि सकाळपासूनच्या सगळ्या रागाहून हा राग मोठा होता. ती सुनेसमोर जाऊन उभी राहिली. "माझी चूक उचलायला तुला कोणी सांगितलं? माझ्या खुर्चीवर बसायची एवढी घाई झाली? या घरात मी चूक केली तर ती माझीच राहील. फडक्याची होणार नाही आणि सुनेचीही होणार नाही."

कोणाला काही कळेना. पाना हवेतच राहिला.

"मी मोजायला बसले होते. निळं बटण दाबलं. कड्या मी घातल्या. समजलं? माझ्या तोंडाकडे बघत बसू नका, माझ्या तोंडावर विभाग लिहिलेला नाही." ती धाकट्याकडे वळली. "दादाने हात लावला नव्हता. त्याने आणखी शंभर वेड्या गोष्टी केल्या असतील, ही नाही केली. तुला जायचं असेल तर माझ्या नावाने जा. त्याच्या नावाने जाऊ देणार नाही."

धाकट्याने आईकडे पाहिलं. अशी ती त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. म्हणजे रागावलेली रोज पाहिली होती, पण स्वतःवर कधीच नाही.

"तूच म्हणाली होतीस," तो हळूच म्हणाला. "जो हात लावेल, त्याने उद्यापासून दोरा ओवायचा नाही."

"उद्यापासून. आज अजून संपलेला नाही. बत्तीस चौकोन उसवायचेत. टोकदार कात्र्या आणा."

थोरला आधी हसला, आणि आपण हसलो हे कळल्यावर घाबरला. मग धाकटाही हसला. त्याने पहिला नट पुन्हा आवळला.

साडेतीनला काम सुरू झालं. धाकट्याने यादी पुन्हा साफ केली आणि उरलेले वीस कोट मशीनवर चढवले. बाकी तिघं टेबलाभोवती उसवत बसली. आधी दोनदा आलेल्या विभागाचा तो एक कोट थोरल्याने मागून घेतला, कारण त्यावर अख्खं नाव उसवायचं होतं. चार वाजता धाकट्याने मशीन चालू ठेवून मधल्या दोन मिनिटांत त्याच कोटाचं दुसरं टोक धरलं. एक डावीकडून उसवत होता, एक उजवीकडून, आणि मधल्या अक्षरावर दोघांच्या कात्र्या एकमेकींना लागल्या.

"सरक की," थोरला म्हणाला.

"तूच सरक, थोरला आहेस."

कात्री तोंडाने सगळ्यांना शिव्या घालत होती आणि हाताने सगळ्यांत जास्त चौकोन काढत होती. अकरावा चौकोन काढल्यावर ती म्हणाली, "सकाळपासून दोघांना जे बोलले, त्यातलं निम्मं परत घेते. कुठलं निम्मं, ते ज्याचं त्याने ठरवा."

मेट्रनबाई पाचला पाच मिनिटं असताना आल्या. त्यांनी ब्याण्णव कोट मोजले, दोन खिशांवरची नावं वाचली, एक कोट उजेडात धरला आणि भिंग असल्यासारखे डोळे बारीक केले.

"इथे नावापुढे काहीतरी होतं का हो?"

थोरल्याने खिडकीकडे बघितलं. धाकट्याने जमिनीकडे.

"होतं," कात्री म्हणाली. "माझ्या चुकीने आलं होतं. काढलं. एका धुण्यात भोकंही मिटतील."

मेट्रनबाईंनी मान डोलावली आणि कोट गाडीत भरायला सांगितले. पुढच्या महिन्यात चादरींवर नावं घालायची आहेत, असंही जाता जाता म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा कुठेतरी जाऊन आला. आल्यावर त्याच्या खिशात काही वाजत नव्हतं. कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. कात्रीने शिक्षा पाळली. दिवसभर ती सुईला हात न लावता नुसती बसून राहिली, आणि तिच्या त्या बसून राहण्याने सगळ्यांना एवढा जाच झाला की संध्याकाळी दोन्ही मुलांनी मिळून तिची शिक्षा माफ केली.

दोनच्या भोंग्यानंतर ती अजूनही ओळी मोजायला बसते. त्याआधी मात्र तिने एक काम करून घेतलं. पांढऱ्या कोटाच्या कापडाचा नखाएवढा तुकडा कापला, चारही कडा दुमडून घेतल्या आणि डिंकाने कॉम्प्युटरच्या काचेवर वरच्या कोपऱ्यात, बरोबर त्या निळ्या बटणावर चिकटवला. थोरला म्हणतो की त्यामागचं काही दिसत नाही. धाकटा म्हणतो की काच खराब होईल.

"होऊ दे," ती म्हणते. "उघडलं ते झाकावं."